चौसष्ट टक्के

शनिवार, १७ मे. सकाळी ७.१०

प्रमोदिनी काल तंजावरला गेली. बुधवारी सकाळी परत. तोपर्यंत घर, फ्रिजमधलं सांबार आणि तिचा लॅपटॉप माझ्या ताब्यात.

जाताना म्हणाली, लॅपटॉपला हात लावू नका, शुक्रवारी एग्मोरला कार्यक्रम आहे आणि माझं सगळं त्यातच आहे. ही सूचना सर्वसामान्य नवऱ्यासाठी होती असं मी धरतो. मी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात ब्रेक तपासतो. एकोणीस वर्षं. मधुसूदन या सहीशिवाय तिथून एक ब्रेक बाहेर पडत नाही.

लॅपटॉप सहा वर्षांचा. सुरू व्हायला चार मिनिटं घेतो. दोन महिने रोज स्वतःच सांगतोय की नवी सिस्टिम टाका, जुनीला आता संरक्षण मिळणार नाही. प्रमोदिनी रोज ‘नंतर’ दाबते.

संकल्प: आज अपग्रेड. बुधवारी ती बटण दाबेल आणि वीस सेकंदांत लॅपटॉप सुरू. मी काही बोलणार नाही. पेपर वाचत बसेन.

बॅकअपची चिंता नाही. दर रविवारी निळ्या हार्ड डिस्कवर मी स्वतः घेतो.

सकाळी ८.२५

सुरू केलं. स्क्रीनवर गोल फिरतोय. खाली लिहिलंय, कॉम्प्युटर बंद करू नका. नाही करणार.

सकाळी १०.००

३१ टक्के. अपेक्षेपेक्षा चांगली गती. लॅपटॉप गरम होतोय म्हणून बेडरूममध्ये नेऊन एसीसमोर ठेवला. मी हॉलमध्ये पंख्याखाली.

सकाळी ११.४०

६४ टक्के.

दुपारी २.१५

६४ टक्के. मोठ्या फायली चालू असणार. प्रमोदिनीची रेकॉर्डिंगं मोठी आहेत. तंजावरकडची जुनी मराठी घरं अजून जी मराठी बोलतात, ती प्रमोदिनी दोन वर्षं रेकॉर्ड करत हिंडतेय. अठरा माणसं झाली. सगळी सत्तरीच्या पुढची आणि सावकाश बोलणारी. फाइल मोठी होणारच.

संध्याकाळी ५.३०

६४.

पाच वाजता वसंताक्का वर आल्या. त्या तळमजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर तंजावरचं. त्यांची थोरली बहीण कृष्णवेणीअक्का डिसेंबरात गेली. त्याआधी दोन महिने प्रमोदिनीने तिचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. दर शनिवारी पाचला वसंताक्का येऊन त्यातली दहा मिनिटं ऐकतात. कॉफी घेतात आणि जातात. आज प्रमोदिनी नाही हे त्यांना माहीत होतं. तरी आल्या. म्हणाल्या, तू लावून दे की मधुसूदना, बटण तर दाबायचं.

मी सांगितलं की स्पीकर दुरुस्तीला आहे.

बेडरूमचं दार उघडं होतं. त्यांनी आत बघितलं. काय म्हणून फिरतंय ते, असं विचारलं. मी म्हणालो, तपासणी चालू आहे. त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, सरी, असूदे, पुढच्या शनिवारी. कॉफी नको म्हणाल्या.

स्पीकरचं सांगणं तसं खोटं नाही. स्पीकर लॅपटॉपच्या आतच असतो.

रविवार, १८ मे. सकाळी ६.००

६४. गोल फिरतोय. म्हणजे जिवंत आहे.

सकाळी ९.३०

इंटरनेटवर शोधलं. हा प्रकार जगभर होतो हे वाचून बरं वाटलं. एकाने लिहिलंय, कितीही वेळ लागो, थांबा. दुसऱ्याने लिहिलंय, तीन तासांवर थांबू नका, पॉवरचं बटण दाबून धरा. मी दोघांचंही ऐकायचं ठरवलं. पहिल्याचं पंचवीस तास ऐकून झालं आहे.

सकाळी ९.४५

दहा सेकंद दाबून धरलं. गोल थांबला. स्क्रीन काळी. बोट काढवेना.

सकाळी ९.५२

सुरू झाला. स्क्रीनवर आलं, बदल मागे घेत आहोत. समजूतदार मशीन आहे. बदल मागे घेतले की काल सकाळसारखं होईल आणि मी लॅपटॉप होता त्या जागी, होता त्या कोनात ठेवून देईन. अपग्रेड हा विषय संपला.

दुपारी १.१०

बंद पडला. सुरू झाला. बंद पडला. सुरू झाला. सात वेळा मोजलं.

दुपारी १.४०

आता स्थिर. निळी स्क्रीन आहे. अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतोय. ती असल्याशिवाय डिस्कचं कुलूप उघडणार नाही म्हणतो. हे कुलूप कुणी लावलं? मी नाही लावलं. पण लॅपटॉपला कुलूप असणं ही चांगलीच गोष्ट आहे. चोराच्या हाती काही लागणार नाही.

की प्रमोदिनीच्या अकाउंटमध्ये असते असं वाचलं. तिच्या अकाउंटमध्ये शिरायचं तर तिच्या फोनवर कोड येतो. म्हणजे तिला सांगावं लागेल.

दुसरा मार्ग असणारच.

रात्री ८.००

तिचा फोन आला. खूप खुशीत होती. व्यासराज नावाचे एक्क्याण्णव वर्षांचे गृहस्थ सापडलेत. आधी बोलायला तयार नव्हते, मग दोन तास थांबेनात. सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला मध्येच तोडणं मला बरं वाटलं नाही.

शेवटी तिनेच विचारलं, लॅपटॉप ठीक आहे ना. मी म्हणालो, बंद आहे.

हे शंभर टक्के खरं होतं.

सोमवार, १९ मे. संध्याकाळी ७.१५

ऑफिसला गेलो. कंपनीच्या बसमध्ये शेजारी चंद्रमौळी, माझ्याच विभागातला. त्याला सहज विचारलं की समजा एखाद्याचा लॅपटॉप अडकला तर काय करावं. तो म्हणाला, कुणाचा अडकलाय. मी म्हणालो, एका मित्राचा. तो म्हणाला, मित्राने हात लावायला नको होता. मी खिडकीतून पूंदमल्लीची गर्दी बघत बसलो.

दिवसभर लक्ष लागलं नाही. एका ब्रेकवर दोनदा सही केली.

घरी आल्यावर निळी हार्ड डिस्क घेऊन तिसऱ्या मजल्यावर शरण्याकडे गेलो. ती एका कंपनीत दिवसभर लोकांचे बिघडलेले लॅपटॉपच बघते. सांगितलं की मित्राचं काम आहे, त्याच्याकडे बॅकअप आहे, फक्त खात्री करायची. तिने डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली. अठरा फायली दिसल्या. नावं बरोबर. तारखा बरोबर. मी तिला म्हणालो, मित्र शिस्तीचा आहे.

तिने एक उघडून बघितली. उघडेना. दुसरी. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, अंकल, हा कोपऱ्यातला छोटा बाण दिसतो का? या फायली नाहीत, शॉर्टकट आहेत. खरी फाइल कुठे आहे एवढंच यात लिहिलेलं असतं. प्रत्येक एक केबीची आहे बघा.

मी म्हणालो, दोन वर्षं डिस्क भरत नव्हती, त्याचं मला कौतुक वाटत होतं. हे बोलायला नको होतं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हळू विचारलं, आंटीचा लॅपटॉप आहे का?

सगळं सांगितलं. थोडक्यात. तिचं म्हणणं असं: डिस्क ठीक आहे. फायली आत सुरक्षित आहेत. फक्त ती अठ्ठेचाळीस आकडी की द्या, तासाभरात सगळं बाहेर काढून देते. आंटीला आत्ता फोन करा. आणि तोपर्यंत कशालाही हात लावू नका. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, एकदा इंग्रजीत आणि एकदा तमिळमध्ये.

संकल्प: उद्या सकाळी फोन.

मंगळवार, २० मे. सकाळी ८.३०

रजा टाकली. फोन हातात घेऊन बसलोय. काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिलं वाक्य: घाबरण्याचं कारण नाही. असं सुरू केलं तर ती घाबरेल. खोडलं. दुसरं: एक छोटीशी गंमत झाली. खोडलं.

सकाळी ९.०५

लावला. ती रिक्षात होती. आवाज तुटत होता. म्हणाली, महत्त्वाचं आहे का. मी म्हणालो, तसं नाही.

दुपारी ३.२०

कारखान्यात काही बिघडलं तर मी दुसऱ्या विभागाला फोन करत नाही. आधी स्वतः बघतो. हा फोन न करण्यामागे एवढंच तत्त्व आहे.

लॅपटॉप पुन्हा नीट बघितला. निळ्या स्क्रीनच्या खाली बारीक अक्षरांत एक पर्याय आहे, की नसेल तर हे सोडून पुढे जा. पुढे गेलो. बरंच पुढे जाता येतं. शरण्याला हे माहीत नसावं.

दुपारी ३.४५

इथे दोन पर्याय आहेत. माझ्या फायली ठेवा. किंवा सगळं काढून टाका. पहिला दाबला. नाही म्हणतो, की मागतो. म्हणजे दुसराच.

विचार केला. सगळं काढून टाका म्हणजे नेमकं काय. अडकलेलं सगळं. अर्धवट आलेली नवी सिस्टिम, उरलेली जुनी, शनिवारपासून मधे बसलेला कचरा. पुढे लिहिलंच आहे की त्यानंतर सिस्टिम पुन्हा बसवली जाईल. काढणार, साफ करणार, पुन्हा बसवणार. ब्रेकचं आम्ही हेच करतो.

त्याने दोनदा विचारलं, नक्की का. दोनदा हो म्हटलं. नक्की का असं विचारणाऱ्या यंत्राबद्दल मला आदर आहे.

संध्याकाळी ६.३५

झालं. १ टक्क्यापासून १०० पर्यंत सरळ. ६४ वर थांबलासुद्धा नाही. नवी सिस्टिम, निळं आकाश, हिरवी टेकडी. एकोणीस सेकंदांत सुरू होतो. घड्याळ लावून बघितलं.

संध्याकाळी ६.४०

बाल्कनीत जाऊन आलो. चार दिवसांनी घास गोड लागेल. वसंताक्का खाली तुळशीला पाणी घालत होत्या. वरून हात केला. त्यांनीही केला.

संध्याकाळी ६.५५

रेकॉर्डिंगांचा फोल्डर दुसरीकडे ठेवलेला दिसतोय.

संध्याकाळी ७.२०

डिस्क जवळजवळ पूर्ण रिकामी आहे.

रात्री ८.५०

शरण्याकडे गेलो. तिने विचारलं, की मिळाली का. मी म्हणालो, कीची गरज पडली नाही. ती खुर्चीतून उठली. मी काय दाबलं ते सांगितल्यावर तिने लॅपटॉप घेतला. तासभर वेगवेगळं करून बघत होती. मी उभाच होतो. तिची आई अलमेलू दोनदा बसा म्हणाली.

शेवटी शरण्याने झाकण मिटलं. म्हणाली, कुलूप होतं अंकल. तुम्ही कुलूपच वितळवून टाकलंत. आत जे होतं ते आता कुणालाच वाचता येणार नाही.

मी विचारलं, कुणालाच म्हणजे.

ती म्हणाली, कुणालाच.

बुधवार, २१ मे. सकाळी ५.१५

एग्मोर स्टेशन. गाडी वीस मिनिटं उशिरा. प्लॅटफॉर्मवरच सांगायचं ठरवलं आहे. सार्वजनिक ठिकाणी माणूस शांतपणे ऐकतो.

सकाळी ९.००

प्लॅटफॉर्मवर हमाल मधे आला. रिक्षात ती व्यासराजांबद्दल बोलत होती. घरी आल्यावर कॉफी होऊ दे म्हटलं. कॉफी झाली. मी कपबशा धुवायला घेतल्या. तेवढ्यात लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज आला.

एकोणीस सेकंद. ती आतून म्हणाली, अरे वा, हे काय केलंत.

कपबशा तीनदा धुतल्या. आतून काही आवाज येईना. मग माउसचा. मग तोही नाही.

बाहेर आलो तेव्हा ती बसली होती, हात मांडीवर. विचारलं, कुठे आहे. मी शनिवारपासून सांगायला सुरुवात केली, क्रमाने. ती म्हणाली, क्रमाने नको. कुठे आहे.

मी म्हणालो, नाही.

ओरडली असती तर मला काही बोलता आलं असतं. तिने फोन काढला, वही काढली आणि एकेक नाव तपासत गेली. नऊ जणांची रेकॉर्डिंगं तिने कार्यक्रमवाल्यांना आधीच पाठवली होती. पाच या खेपेची, फोनमध्येच आहेत. बाकी नऊ फोन भरला म्हणून लॅपटॉपवर टाकून फोनमधून पुसलेली. त्या नवांपैकी चौघे आता हयात नाहीत. नवांतलं पहिलं नाव कृष्णवेणीअक्का.

वही मिटून म्हणाली, वसंताक्कांना तुम्ही सांगा.

मी म्हणालो, तुझं त्यांच्याशी जास्त जमतं. तिने दार उघडून धरलं.

सकाळी ११.३०

खाली जाऊन आलो. तांत्रिक अडचण असं म्हणालो. त्यांना समजेना. अपग्रेड म्हणालो. समजेना. मग म्हणालो, अक्का, माझ्या हातून पुसलं गेलं. तुमच्या बहिणीचं बोलणं. पुन्हा मिळणार नाही.

त्या भेंडी चिरत होत्या. सुरी खाली ठेवली. विचारलं, समग्र? मी हो म्हणालो. खोकलते ते सुद्धा? मी विचारलं, खोकला कसला. म्हणाल्या, सायकलीवरून पडली ते सांगताना अक्का मधे खोकलते. मग पाणी मागते. प्रमोदिनी भांडं ठेवते त्याचा आवाज येतो.

मी ते रेकॉर्डिंग कधी ऐकलं नव्हतं.

मग म्हणाल्या, शनिवारी स्पीकर बिघडला म्हणालास ते.

मी म्हणालो, स्पीकर ठीक होता.

हौ, म्हणाल्या. पुन्हा सुरी उचलली, पण भेंडी घेतली नाही.

गुरुवार, २२ मे. संध्याकाळी ७.३०

कामावर गेलो. परत आलो. प्रमोदिनी जेवण वाढते, मीठ लागलं तर मीठ देते. कारखान्यात चुकीमागच्या कारणांचा अहवाल लिहायची एक पद्धत आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं. बसमध्ये लिहायला घेतलं.

फायली का गेल्या? पुसल्या म्हणून. का पुसल्या? की नव्हती म्हणून. की का नव्हती? मागितली नाही म्हणून. का मागितली नाही? सांगावं लागलं असतं म्हणून.

पाचवा ‘का’ रिकामा सोडला आहे. बस पोरूरला पोचली होती, उतरायचं होतं.

शुक्रवार, २३ मे. रात्री ९.००

एग्मोरचा हॉल लहान. साठेक माणसं. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. प्रमोदिनीने नऊ आणि पाच रेकॉर्डिंगांतले तुकडे ऐकवले. व्यासराजांना टाळ्या मिळाल्या. शेवटी ती म्हणाली, ज्या बाईंचा आवाज मला तुम्हाला सर्वांत जास्त ऐकवायचा होता, तो आमच्या घरी पुसला गेला. आमच्या घरी म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. तरी मी खाली बघितलं.

मग पहिल्या रांगेतून वसंताक्का उठल्या. हे ठरलं होतं की नाही मला माहीत नाही. मला कुणी काही सांगत नाहीये. त्यांनी माइक हातात घेतला, थोडा लांब धरला आणि बोलायला लागल्या. अक्का पंधरा वर्षांची. भावाचा सदरा घालून पहाटे तंजावरच्या गल्लीत सायकल शिकते आणि धाकटी वसंता मागून सीट धरून पळते. त्यांना शब्दन् शब्द पाठ होता. बहिणीच्या लकबीत बोलत होत्या. पडण्याच्या जागी आल्या तेव्हा खोकल्या. थांबल्या. प्रमोदिनीने पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं.

पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, हे अक्का सांगते. पण खोटं. ती पडली तेव्हा मी सीट धरून नव्हते. केव्हाच सोडली होती. मागे उभी राहून हसत होते. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लोक हसले. शेजारचा माणूस डोळे पुसत होता. मला क्षणभर वाटलं की रेकॉर्डिंग असतं तर हे घडलं नसतं, म्हणजे एका अर्थी.

हे वाक्य पुढे लिहिणार नाही.

शनिवार, २४ मे. सकाळी ११.००

प्रमोदिनी आजपासून वसंताक्कांना पहिल्यापासून रेकॉर्ड करतेय. त्यांच्याच घरी. बहिणीचं त्यांना आठवतं ते, आणि त्यांचं स्वतःचं. मी मदत करू का विचारलं. मायक्रोफोन कुठे ठेवावा याबद्दल मी थोडं वाचलं आहे. ती म्हणाली, पंखा बंद ठेवावा लागतो आणि बेल वाजलेली चालत नाही. तुम्ही बाहेर जिन्यात बसा. कुणी आलं तर थांबवा.

बसलो आहे. घामाने वही ओली होतेय. इस्त्रीवाला आला, त्याला खुणेने परत पाठवलं. कुरिअरवाल्याच्या हातातून पाकीट आवाज न करता घेतलं. आतून वसंताक्कांचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. पाऊण तास झाला. एकदाही बेल वाजली नाही.

दुपारी १२.१०

सगळं सुरळीत आहे हे सांगायला दार उघडून आत गेलो. म्हणालो, चालू द्या, बाहेर माझं लक्ष आहे.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. प्रमोदिनीने फोन उचलला आणि रेकॉर्डिंग थांबवलं. वसंताक्का प्रमोदिनीला म्हणाल्या, असूदे पा, मी परत सांगते.

आता बाहेरून कडी लावून घेतली आहे. मला आत जाता येऊ नये म्हणून.